विश्लेषण : प्रवेश मिळाला, आधाराचे काय? अमेरिकेतील खासगी शाळांत श्वेतेतर विद्यार्थी-शिक्षक एकटे का पडतात?

अमेरिकेतील नामांकित खासगी शाळांनी गेल्या सहा दशकांत कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देऊन प्रवेश दिले. त्यांच्यासाठी काही श्वेतेतर शिक्षकही नेमले. पण वर्गात एकटेच वेगळे दिसणारे मूल तिथे रुळते का आणि शिक्षकांच्या खोलीत एकटाच वेगळा दिसणारा शिक्षक टिकतो का, या प्रश्नांची उत्तरे आजही समाधानकारक नाहीत. २०२० मध्ये या शाळांनी मोठमोठी आश्वासने दिली. २०२५ पासून मात्र अमेरिकेचे संघीय सरकारच अशा उपक्रमांच्या विरोधात उभे ठाकले आहे. शाळा कोंडीत सापडल्या आहेत, ती कशामुळे, याचा हा आढावा.

‘इंडिपेंडंट स्कूल’ म्हणजे काय?

अमेरिकेत दर दहा शालेय विद्यार्थ्यांपैकी साधारण एक खासगी शाळेत जातो. यातील बऱ्याच शाळा कॅथलिक किंवा अन्य धर्मसंस्था चालवतात. इंडिपेंडंट स्कूल हा त्यांतला वेगळा, छोटा आणि महागडा गट. या शाळा नफा न कमावणाऱ्या संस्था असतात. त्यांचा कारभार स्वतःचे विश्वस्त मंडळ पाहते. खर्च शुल्क, देणग्या आणि कायमस्वरूपी निधीवरील उत्पन्नातून भागतो. अभ्यासक्रम, प्रवेश, शिक्षकांची नेमणूक यांबाबत त्यांना मोठी मोकळीक असते. मॅसॅच्युसेट्समधील फिलिप्स अकॅडमी, अँडोव्हर (स्थापना १७७८) आणि न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्सटर (१७८१) ही त्यांची सर्वात परिचित उदाहरणे. न्यूयॉर्कमधील आघाडीच्या अशा शाळांचे वार्षिक शुल्क आता ६० हजार डॉलरच्या पुढे गेले आहे. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट स्कूल्स’ (एनएआयएस) ही १९६२ मध्ये स्थापन झालेली त्यांची शिखर संघटना असून दीड हजारांहून अधिक शाळा तिच्या सदस्य आहेत. संख्येने या शाळा थोड्या असल्या तरी नामवंत विद्यापीठे, न्यायपालिका, वित्तक्षेत्र आणि राजकारणात त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे तिथे कोणाला जागा मिळते, हा प्रश्न शाळेपुरता राहत नाही.

‘स्टुडंट्स ऑफ कलर’ म्हणजे कोण?

कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूलनिवासी अमेरिकी आणि मिश्रवंशीय अशा सर्व श्वेतेतर विद्यार्थ्यांसाठी ही संज्ञा वापरतात. ‘कलर्ड’ हा वंशभेदाच्या काळातला शब्द आता अपमानास्पद मानला जातो, मात्र ‘पीपल ऑफ कलर’ ही संज्ञा नागरी हक्कांच्या चळवळीतून रुजली आणि स्वीकारली गेली. ती सोयीची असली तरी फार विस्तृत आहे. ब्रॉन्क्समधील शिष्यवृत्तीवर आलेली कृष्णवर्णीय मुलगी, शांघायहून वसतिगृहात आलेला धनाढ्य घरचा मुलगा आणि न्यू जर्सीतील भारतीय डॉक्टर दाम्पत्याचे मूल हे तिघे एकाच रकान्यात मोजले जातात. त्यांच्या अडचणी एक नाहीत. शाळेच्या माहितीपुस्तिकेत श्वेतेतर विद्यार्थ्यांची टक्केवारी वाढलेली दिसते, तेव्हा ती कोणामुळे वाढली, हे पाहावे लागते ते यासाठीच.

या शाळांत ही मुले आली कशी?

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत श्वेतवर्णीय पालकांनी आपल्या मुलांसाठी खासगी शाळा काढल्या. ‘सेग्रिगेशन अकॅडमी’ या नावाने त्या ओळखल्या गेल्या. म्हणजे खासगी शाळा ही काही ठिकाणी एकत्र शिक्षणातून पळवाट होती. ती दोन निकालांनी अडवली. ‘रनियन विरुद्ध मॅक्रेरी’ (१९७६) खटल्यात न्यायालयाने १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन, खासगी शाळांनाही वर्णाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे सांगितले. ‘बॉब जोन्स विद्यापीठ’ खटल्यात (१९८३) वर्णभेद करणाऱ्या शिक्षणसंस्थांची करसवलत काढून घेण्याचा सरकारचा अधिकार मान्य झाला.

दुसरीकडे ईशान्येकडील जुन्या शाळांनी स्वतःहून पुढाकार घेतला. १९६३ मध्ये ‘अ बेटर चान्स’ ही संस्था सुरू झाली. गुणवान पण साधने नसलेली मुले निवडायची, त्यांची उन्हाळ्यात पूर्वतयारी करून घ्यायची आणि मग निवासी शाळांत पाठवायचे, ही तिची पद्धत. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर देवाल पॅट्रिक आणि गायिका ट्रेसी चॅपमन हे याच वाटेने गेलेले विद्यार्थी. १९७८ मध्ये ब्रॉन्क्समधील शिक्षक गॅरी सायमन्स यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेप फॉर प्रेप’ सुरू केले. त्यात मुलांना दोन उन्हाळे आणि मधल्या वर्षातील शाळेनंतरचे व शनिवारचे वर्ग अशी १४ महिन्यांची कसून तयारी करावी लागते. त्यानंतरच खासगी शाळेतील जागा मिळते.

भारतात शिक्षण हक्क कायद्याने (२००९) खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या आहेत. अमेरिकेत खासगी शाळांवर असे कोणतेही बंधन नाही. तिथे सारे काही शाळेची इच्छा, देणगीदारांचे औदार्य आणि निधीची ताकद यांवर अवलंबून आहे. अँडोव्हर आणि एक्सटरसारख्या श्रीमंत शाळा विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देऊ शकतात. लहान शाळांना ते परवडत नाही.

प्रवेशानंतर अडते कुठे?

पहिली अडचण पैशांचीच, पण शुल्काच्या पलीकडची. शिष्यवृत्तीत शुल्क भागते. मात्र लॅपटॉप, खेळाचे साहित्य, परदेश सहल, संगीताची खासगी शिकवणी, वर्गमित्राच्या वाढदिवसाची भेट हे खर्च उरतात. निवासी शाळांत सुट्टीच्या काळात वसतिगृह बंद होते आणि घरी जाण्याच्या विमानप्रवासाचा खर्च पालकांना झेपत नाही. शहरातील शाळांत रोज दीड-दोन तासांचा बस व भुयारी रेल्वेचा प्रवास करणाऱ्या मुलाला शाळेनंतरच्या नाटकात किंवा वादविवाद मंडळात भाग घेता येत नाही. नंतर महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात नेमका तोच रकाना रिकामा राहतो.

दुसरी अडचण सहज दिसत नाही. इतिहासाच्या तासाला गुलामगिरीचा धडा आला की सगळ्या वर्गाच्या नजरा एकाच मुलीकडे वळतात आणि तिने आपल्या साऱ्या समाजाच्या वतीने बोलावे, अशी अपेक्षा असते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन कृष्णवर्णीय मुलांची नावे शिक्षक वर्षभर गोंधळतात. केसांच्या ठेवणीवर शेरे मारले जातात. ‘तुला शिष्यवृत्ती आहे का?’ हा प्रश्न ज्याचे पालक पूर्ण शुल्क भरतात त्या कृष्णवर्णीय मुलालाही विचारला जातो. यातली कोणतीही एक गोष्ट तक्रार करण्याएवढी मोठी वाटत नाही. साचत गेली की मूल गप्प होते.

मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनियल टॅटम यांनी १९९७ मध्ये आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच, उपाहारगृहात सगळी कृष्णवर्णीय मुले एकत्र का बसतात, असा प्रश्न विचारला होता. त्यांच्या मते हा फुटीरपणा नसून, दिवसभर स्वतःची ओळख समजावून सांगण्यापासून मिळणारी विश्रांती असते. न्यूयॉर्कच्या डाल्टन शाळेत शिकायला गेलेल्या दोन कृष्णवर्णीय मुलांचे चित्रीकरण त्यातील एकाच्या आईवडिलांनी सुमारे १३ वर्षे केले. त्यावरचा ‘अमेरिकन प्रॉमिस’ (२०१३) हा माहितीपट अशा घरांचा पेच दाखवतो. मुलाला उत्तम शाळा मिळाल्याचे समाधान असते आणि त्याच वेळी ती शाळा आपल्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहते, याची धास्तीही असते.

शिक्षकांची अडचण वेगळी कशी?

अमेरिकेतील सरकारी शाळांत २०१४ पासून श्वेतेतर विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहून अधिक आहे. शिक्षकांपैकी मात्र सुमारे ८० टक्के श्वेतवर्णीय आहेत. खासगी शाळांत शिक्षकांमधील श्वेतवर्णीयांचे प्रमाण त्याहूनही जास्त आहे. याचे एक मूळ इतिहासात सापडते. ‘ब्राऊन’ निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा बंद पडल्या. पुढच्या दशकभरात सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांनी नोकऱ्या गमावल्याचा अंदाज आहे. घरात शिक्षकी पेशाची परंपराच तुटली.

इंडिपेंडंट शाळांत नेमणुका बऱ्याचदा ओळखीपाळखीतून, माजी विद्यार्थ्यांच्या वर्तुळातून किंवा भरती संस्थांमार्फत होतात. सरकारी शिक्षकांच्या तुलनेत पगार सरासरीने कमी असतो आणि कामगार संघटनेचे संरक्षण सहसा नसते. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या, घरी पैसे पाठवाव्या लागणाऱ्या तरुण शिक्षकाला हे गणित जुळत नाही.

नेमणूक झाली तरी कामाचा बोजा सारखा नसतो. निवासी शाळेत शिक्षकाने वर्गात शिकवणे, मैदानावर प्रशिक्षण देणे आणि वसतिगृहात राहून मुलांवर लक्ष ठेवणे, अशी तिहेरी जबाबदारी असते. श्वेतेतर शिक्षकावर चौथी जबाबदारी आपोआप येऊन पडते. अस्वस्थ विद्यार्थी रात्री त्याचेच दार ठोठावतात. वैविध्य समिती, प्रवेश समिती, माहितीपुस्तिकेतील छायाचित्र, पालकांशी होणारी अवघड बैठक या सगळ्यांत त्याचेच नाव पुढे केले जाते. या कामाचा मोबदला नसतो आणि बढतीच्या वेळी त्याची नोंदही होत नाही. मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी १९९४ मध्ये विद्यापीठातील अशा जादा कामाला ‘सांस्कृतिक कर’ म्हटले होते. २०१६ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी शाळांतील श्वेतेतर शिक्षकांवरील ‘अदृश्य करा’कडे लक्ष वेधले. हा कर भरून थकलेला शिक्षक तीन-चार वर्षांत शाळा सोडतो. मग त्याच्या भरवशावर टिकलेली मुले पुन्हा एकटी पडतात.

शिक्षक कोण आहे, याने फरक पडतो का?

याबाबतचा सर्वाधिक चर्चेत असलेला अभ्यास सरकारी शाळांचा आहे. टेनेसी राज्यात १९८० च्या दशकात मुलांना आणि शिक्षकांना वर्ग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून देण्यात आले होते. सेथ गर्शेनसन आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांची पुढील वाटचाल तपासली. तिसरीपर्यंत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांची शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि महाविद्यालयात नाव नोंदवण्याची शक्यता १९ टक्क्यांनी अधिक आढळली. समोर आदर्श दिसणे आणि शिक्षकाने मुलाकडून अपेक्षा बाळगणे, ही त्यामागची कारणे संशोधक देतात. हे आकडे महागड्या खासगी शाळांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही, श्वेतेतर शिक्षक नेमणे हा केवळ दिखाव्याचा भाग आहे, या आक्षेपाला त्यातून उत्तर मिळते.

२०२० मध्ये काय घडले?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत इन्स्टाग्रामवर ‘ब्लॅक अ‍ॅट’ या शब्दांपुढे आपल्या शाळेचे नाव जोडून अनेक खाती उघडली गेली. त्यांवर आजी-माजी विद्यार्थ्यांनी, काही ठिकाणी शिक्षकांनीही, आपले अनुभव निनावी लिहिले. त्यात वर्गात वापरलेले अपशब्द, वसतिगृहातील छळ आणि तक्रार करूनही झालेले दुर्लक्ष यांचा समावेश होता. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे आणि मागच्याच महिन्यातले अनुभव शेजारी शेजारी होते आणि त्यांत फारसा फरक नव्हता. शाळांना याचा धक्का बसला. माफीनामे निघाले, वैविध्य संचालकांची पदे निर्माण झाली, अभ्यासक्रम तपासण्याची घोषणा झाली. मात्र यातील बरीच पदे अधिकाराविना होती. शाळेतील प्रत्येक वाद मिटवण्याची अपेक्षा त्या एका व्यक्तीकडून होती, पण नेमणुका, अर्थसंकल्प किंवा शिस्तभंगाच्या निर्णयात तिला मत नव्हते.

शाळा आधार कसा देतात?

सर्वाधिक रुजलेला मार्ग म्हणजे ‘अ‍ॅफिनिटी ग्रुप’. समान ओळख असलेले विद्यार्थी किंवा शिक्षक आठवड्यातून वा महिन्यातून एकदा भेटतात आणि मोकळेपणाने बोलतात. राष्ट्रीय पातळीवर एनएआयएस अनेक वर्षे श्वेतेतर शिक्षकांसाठी ‘पीपल ऑफ कलर कॉन्फरन्स’ आणि नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्टुडंट डायव्हर्सिटी लीडरशिप कॉन्फरन्स’ भरवत आली आहे. आपल्या शाळेत एकट्या असलेल्या शिक्षकाला हजारो समव्यावसायिक एका छताखाली भेटणे, हाच त्याचा मुख्य उपयोग. शिक्षक घडवण्यासाठी अँडोव्हरमध्ये १९९० मध्ये सुरू झालेली ‘इन्स्टिट्यूट फॉर रिक्रूटमेंट ऑफ टीचर्स’ तरुणांना पदव्युत्तर शिक्षणाच्या अर्जापासून मार्गदर्शन करते.

याखेरीज गरज असते ती साध्या, कमी दिसणाऱ्या व्यवस्थांची. शिष्यवृत्तीत प्रवास, उपकरणे, सहल आणि सुट्टीतील निवास धरणे. एका वेळी एकच श्वेतेतर शिक्षक न नेमता दोघा-तिघांना एकत्र नेमणे. विद्यार्थ्यांना आधार देण्याच्या कामाचे तास मोजून तेवढे तास अध्यापनातून वजा करणे किंवा त्याचे पैसे देणे. वर्णद्वेषी वर्तनाची तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत निकाल लागेल आणि तो कोणाला कळवला जाईल, हे लेखी ठरवणे. मूल कोंडले जाण्याची किंवा शिक्षक थकण्याची कारणे यांतच असल्याने, भाषणे आणि कार्यशाळांपेक्षा यांचा परिणाम टिकाऊ असतो.

विरोध कशासाठी? कायदा काय सांगतो?

विरोध एकाच बाजूने नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधील काही महागड्या शाळांच्या पालकांनी व शिक्षकांनी जाहीर पत्रे लिहून, शाळा मुलांना वर्णाच्या चष्म्यातून पाहायला शिकवत आहेत, असा आरोप केला. वंशानुसार वेगळे गट भरवणे म्हणजे जुने विभाजन नव्या नावाने आणणे, असे टीकाकार म्हणतात. समर्थकांच्या मते, स्वेच्छेने आणि मोजक्या वेळासाठी भेटणे याची लादलेल्या विभाजनाशी तुलना होऊ शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्व्हर येथील ‘पीपल ऑफ कलर कॉन्फरन्स’मधील काही भाषणांमुळे ज्यू विद्यार्थी व शिक्षकांना असुरक्षित वाटल्याची तक्रार ज्यू संघटनांनी केली आणि एनएआयएसला माफी मागावी लागली. सर्वांना सामावून घेण्यासाठी भरवलेल्या व्यासपीठावरच काहींना परके वाटले, ही टीका संघटनेला झोंबणारी होती.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत, प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी वैविध्यविषयक कार्यक्रमांविरोधात आदेश काढले. फेब्रुवारीत शिक्षण खात्याने निधी थांबवण्याचा इशारा देणारे पत्र शाळा-महाविद्यालयांना पाठवले. ते पत्र ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडमधील संघीय न्यायालयाने रद्दबातल ठरवले.

बहुतेक इंडिपेंडंट शाळा संघीय निधी घेत नाहीत, त्यामुळे निधी रोखण्याची धमकी त्यांना थेट लागू पडत नाही. करसवलत म्हणजेच सरकारी मदत, असा अर्थ मेरीलँडमधील एका न्यायालयाने २०२२ मध्ये लावला होता. वरिष्ठ न्यायालयाने तो २०२४ मध्ये फेटाळला. पण धोका दुसरीकडून आहे. ज्या १८६६ च्या कायद्याने ‘रनियन’ खटल्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी खासगी शाळांची दारे उघडली, तोच कायदा आता विशिष्ट वंशासाठी राखीव असलेल्या योजनांविरुद्ध वापरला जात आहे. हवाईतील मूलनिवासी मुलांना प्रवेशात प्राधान्य देणाऱ्या कामेहामेहा शाळांविरुद्ध ऑक्टोबर २०२५ मध्ये, हार्वर्डविरुद्ध जिंकलेल्या संघटनेनेच खटला दाखल केला. तिथे काय ठरते, यावर देशभरातील शाळांचे वकील लक्ष ठेवून आहेत.

भारतीय वंशाच्या कुटुंबांचा संबंध काय?

न्यू जर्सी, बोस्टन किंवा कॅलिफोर्नियातील अशा शाळांत मराठी घरांतील मुलेही आहेत आणि शाळेच्या आकडेवारीत ती ‘स्टुडंट्स ऑफ कलर’मध्येच मोजली जातात. त्यांचे प्रश्न बरेचदा उलट टोकाचे असतात. ‘आशियाई मूल म्हणजे हुशार आणि निमूट’ या समजामुळे त्यांना मदतीची गरज असू शकते, हेच शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. गणितात मागे पडणारे किंवा निराशेने ग्रासलेले मूल त्यामुळे नजरेआड होते. सगळ्या दक्षिण आशियाई मुलांना एकाच गटात बसवले की प्रश्न सुटत नाही, कारण जातीचा प्रश्नही घरांबरोबर तिकडे पोहोचला आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियातील तसे विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरांनी नाकारले. आपल्या मुलाला वर्णामुळे वेगळी वागणूक मिळू नये म्हणून आग्रही असलेल्या पालकांना हा विषयही टाळता येणार नाही.

पुढे काय?

अनेक संस्था वैविध्य विभागाच्या पाटीवरील नाव बदलून ‘आपलेपणा’ किंवा ‘समुदाय’ असे शब्द वापरू लागल्या आहेत. गट सर्वांसाठी खुले ठेवणे, शिष्यवृत्तीसाठी वंशाऐवजी उत्पन्न, परिसर आणि कुटुंबातील शिक्षणाची पार्श्वभूमी पाहणे, हे मार्ग कायद्याच्या चौकटीत बसतात. उत्पन्नाचा निकष गरीब मुलांना नक्कीच उपयोगी पडेल. मात्र पूर्ण शुल्क भरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाला ‘तुला शिष्यवृत्ती आहे का?’ असे विचारले जाते, त्यावर तो उपाय नाही. त्यासाठी वर्गातील शिक्षकाची तयारी आणि मुख्याध्यापकांचा ठामपणा लागतो, आणि यांपैकी कशालाही कायद्याची आडकाठी नाही. खटल्याच्या भीतीने शाळा नाव बदलून थांबतात की प्रवासखर्च, कामाचे तास आणि तक्रारीची पद्धत यांकडे वळतात, हे पाहावे लागेल. त्याचा हिशेब माहितीपुस्तिकेतील टक्केवारीत दिसणार नाही. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती मुले शेवटच्या वर्गापर्यंत टिकली आणि नेमलेल्या शिक्षकांपैकी किती जण पाच वर्षांनी त्याच शाळेत आहेत, या दोन आकड्यांवरून तो लागेल.